पुराव्याचा रकाना

बाळांनो,

गेल्या महिन्यात तुम्ही शाळेच्या सहलीचा फोटो पाठवलात. तुमच्या तिकडच्या प्राणिसंग्रहालयात एक बाई हातमोज्यावर घुबड घेऊन उभी आहे आणि तुम्ही सगळे तिच्यासमोर अर्धगोल करून बसला आहात. खाली थोरल्याने लिहिले होते, 'आजी, तू पण हेच काम करायचीस ना?' मी फोनवर हो म्हटले, कारण तुमची झोपायची वेळ झाली होती आणि इकडे माझा सकाळचा चहा निवत होता. पण नुसते हो म्हणून ते उत्तर पुरे होत नाही. त्यात पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे आणि त्याआधी कपाटातल्या फायली रद्दीत द्यायला काढल्या आहेत. सगळ्या दिल्या, एक ठेवली. ती का ठेवली ते लिहून ठेवावे म्हणून बसले आहे. मला कोणतीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे हे तुमच्या आईला ठाऊक आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

मी नागपूरला इंग्रजी माध्यमात शिकले आणि प्राणिशास्त्राची पदवी घेतली. लग्नानंतर तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही भंडाऱ्याकडे आलो आणि नदीपलीकडे, कारध्याला घर घेतले. तेव्हा शहराबाहेर एक लहानसे प्राणिसंग्रहालय होते. एक बिबट, दोन अस्वले, चितळांचे कुंपण, एक मगर, अजगर, मोर आणि माकडे. वाघ नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण त्या नोकरीतल्या माझ्या आयुष्याचा मोठा भाग 'बाई, वाघ कुठे आहे?' या प्रश्नाला उत्तर देण्यात गेला.

माझ्या पदाचे नाव भारदस्त होते, शिक्षण व प्रसार संघटक. मला एक टेबल मिळाले, तेही खाद्याच्या कोठीत. एका बाजूला हरभऱ्याची पोती, दुसऱ्या बाजूला मी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे लागले तेव्हा माझ्या मनात पुष्कळ योजना होत्या. त्या मी एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या होत्या. दोन हिवाळ्यांनंतर ती वही उघडायची इच्छा राहिली नाही.

सहली हिवाळ्यात यायच्या. दिवसाला तीन, कधी चार. मुले दोरीला धरून रांगेने यायची आणि फाटकातून आत आली की दोरी सुटायची. शिक्षक चिंचेखाली डबे उघडून बसायचे. मग मी एकटी पिंजऱ्या-पिंजऱ्यांपुढे तेच बोलत जायची. दगड मारू नका, फुटाणे टाकू नका, त्याला झोपू द्या. थोरले अस्वल दिवसभर जागच्या जागी डुलत राहायचे. मुलांना वाटायचे ते नाचते आहे आणि ती टाळ्या वाजवायची. ते नाचत नाही, कंटाळले आहे, हे मी पहिल्या वर्षी समजावून सांगत असे. पुढे नुसतीच पुढच्या पिंजऱ्याकडे चालू लागत असे. संध्याकाळी पूल ओलांडून घरी जाताना घसा बसलेला असायचा आणि तुमच्या आईला गोष्ट सांगायचीही ताकद उरायची नाही. ती अजून मला त्यावरून बोलते.

पावसाळ्यात सहली बंद. मग मी गावांत जायची. पत्र्याच्या ट्रंकेत सापाची कात, साळिंदराचे काटे, पिसे आणि प्लास्टरमध्ये घेतलेले पायांचे ठसे असायचे. ती ट्रंक एसटीच्या टपावर चढवायची आणि शाळेशाळेत जाऊन उघडायची. गावातल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, हे मला लवकरच कळले. नाकाडोंगरीला मी बिबट्याबद्दल अर्धा तास बोलले, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, बिबट तं आमच्या गोठ्यामागं येते. त्याले पाह्याले तिकीट कायले काढाचं?" वर्ग हसला, गुरुजी हसले आणि खरे तर मलाही हसू आले.

त्या मुलीमुळेच मला नोंदपत्रकांची कल्पना सुचली. मुले इतके पाहतात, तर ते लिहून का घेऊ नये? मी एक कागद सायक्लोस्टाईल करून घेतला. गावाचे नाव, कोणता प्राणी किंवा पक्षी, कुठे दिसला, किती होते, कोणी पाहिला. भरलेला कागद पोस्टाने आला की मी त्यावर गोल शिक्का मारून, 'नोंद मान्य' असे लिहून एक प्रत मुलाला परत पाठवायची. शिक्क्याचे आकर्षण फार होते. पहिल्याच वर्षी कागदांचा ढीग आला. त्यात एका गावाने सिंह पाहिला होता आणि एकाने हत्ती. मी ते वेगळे काढायला विसरले आणि अहवाल तसाच वर गेला. बैठकीत आमच्या साहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. मी घरी येऊन ठरवले की पुढच्या वर्षी असे होऊ द्यायचे नाही, आणि कागदाच्या तळाशी एक रकाना वाढवला. 'पुरावा. सोबत जोडावा.'

माझ्या डोक्यात पीस होते, ठशाचे चित्र होते, पिल्ले उडून गेल्यावर मागे राहिलेले कवच होते. डोक्यातले कागदावर आलेले नाही, हे मला त्या वेळी दिसले नाही. मला तो कागद अगदी नीटनेटका वाटला होता.

आता त्या दिवसाकडे येते. भाद्रपदाचे दिवस होते, पावसाने उघडीप दिली होती. मी सकाळी कोठीचे दार उघडत होते, तेव्हा पायरीवर एक शेतकरी बसलेला दिसला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचे, मांडीवर टोपली. लाखांदूरकडच्या एका खेड्यातून पहिल्या गाडीने आलो, असे त्याने सांगितले. मग खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्यासमोर धरला. ते आमचेच नोंदपत्रक होते. बारीक, गोल अक्षरात एका मुलीने भरलेले. सारस पक्ष्यांची जोडी, आमच्या बांधीत, घरटे, अंडी दोन, मी रोज पाहते. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. आणि त्या अक्षरांवर आडवे, लाल शाईने लिहिले होते, 'पुरावा जोडलेला नाही. परत.' खाली सही माझी.

तो कागद परत केल्याचे मला आठवतही नव्हते. दमून गेलेल्या एखाद्या दुपारी ढिगातले असे बरेच कागद मी परत केले होते.

"पोरगी दोन दिवसापासून जेवत नाही," तो म्हणाला. "हे घ्या बाई, पुरावा."

त्याने टोपलीवरचे लुगड्याचे फडके बाजूला केले. धानाच्या तणसात दोन अंडी होती. फिकट, पांढुरकी, हाताच्या मुठीत मावणार नाहीत एवढी.

मी तिथेच पायरीवर बसले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्यालाही काहीतरी चुकल्याचे कळले. शिक्का मारून द्या, म्हणजे मी जातो, असे तो हळूच म्हणाला.

आमच्याकडे पिंजऱ्यांची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातले, शाळेत फारसे न गेलेले, पण पाणपक्ष्यांविषयी मी पुस्तकांत वाचलेले बहुतेक सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. मी त्यांना हाक मारली. अंडी उबवायची कसलीही सोय आमच्याकडे नव्हती. काकाजींनी अंड्यांना हात लावून पाहिले, किती वाजता उचलली ते विचारले, मग बादलीत कोमट पाणी आणले आणि एकेक अंडे अलगद त्यात सोडले. आम्ही तिघे बादलीभोवती वाकून पाहत राहिलो. एक अंडे बराच वेळ तसेच तरंगले. मग त्याला आतून हिसका बसला आणि पाण्यावर बारीक वलय उठले. थोड्या वेळाने पुन्हा. दुसरे मात्र हलले नाही.

"हे जितं आहे," काकाजी म्हणाले. "आता आठ-दहा दिवसांत फोडन. दुसऱ्याचं सांगता येत नाही. वापस नेऊन ठेवा. कोंबडी नाही का दाण्यासाठी उठून जात? थंडं झालं म्हणून लगेच मरत नाही. पण आजच ठेवा."

हललेले तेवढेच न्यावे का, असे मी विचारले. ते माझ्यावर जवळजवळ रागावलेच. तिचे दोन होते, तिला दोनच दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी अंडी पुसून पुन्हा तणसात ठेवली आणि अजगराच्या पेटीतली एक जुनी कांबळी वरून गुंडाळली. आमची जीप त्या दिवशी साहेबांबरोबर दौऱ्यावर गेली होती. मी टेबलावर चिठ्ठी लिहून ठेवली आणि त्या शेतकऱ्याबरोबर स्टँडवर गेले.

गाडीत कंडक्टरने टोपली टपावर टाकायला सांगितली. शेतकऱ्याने आत काय आहे ते सांगितले, तेव्हा त्याने पुढची सीट रिकामी करून दिली आणि ड्रायव्हरला खड्डे पाहून चालवायला बजावले. मग तिकिटे फाडताना माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "बाई, उतरतेवेळी दोघाचे चार झाले, तं दोन हाफ लागन." सगळी गाडी हसली. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवरच्या टोपलीला एका बाजूने आपला हात लावला आणि ती उतरेपर्यंत तो काढला नाही.

वाटेत शेतकरी बोलू लागला. सारसांनी घरटे बांधले तेव्हा बरेच धान तुडवले गेले होते. भावाने अंडी काढून बोडीत फेकायला सांगितले होते, बोडी म्हणजे शेताजवळचे लहान तळे. पण मुलगी आडवी आली. माझ्या शाळेतल्या भाषणापासून ती बांधावर जाऊन बसायची, दुरूनच. जवळ जाऊ नका, हात लावू नका, असे बाईंनी सांगितले आहे, म्हणून बापालाही त्या बाजूने जाऊ देत नसे. निंदण करायलासुद्धा तेवढा तुकडा सोडायला लावला होता. आज पहाटे ती झोपलेली असताना त्याने अंडी उचलली होती.

मग तो म्हणाला, "बाई, एक विचारू का? तुम्हीच म्हटलं ना शाळेत, हात लावू नका म्हणून. मंग कागदावर पुरावा काहून मागतला?"

सिंह आणि हत्तीची गोष्ट त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "माझी चूक झाली."

त्यालाच संकोच वाटला. "तसं नाही बाई," तो म्हणाला. "कागदाचं तसंच असते." आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

लाखांदूरला उतरल्यावर पुढे एका ओळखीच्या बैलबंडीतून आणि शेवटी बांधावरून पायी असे आम्ही गेलो. ऊन पडले होते. टोपली आळीपाळीने घेतली. दुरूनच सारसांचा आवाज ऐकू आला. एक घरट्यापाशी मान खाली घालून उभा होता, दुसरा पाण्यातून येरझारा घालत ओरडत होता. घरटे म्हणजे पाण्यात रचलेला तणसाचा आणि गवताचा ढीग. बांधावर ती मुलगी बसली होती. बारा-तेरा वर्षांची असेल. दप्तर शेजारी पडले होते. सकाळी शाळेत जाताना तिने रिकामे घरटे पाहिले होते आणि ती शाळेत गेलीच नव्हती.

तिने बापाकडे पाहिले नाही. टोपलीकडे पाहिले आणि मला विचारले, "जिते आहेत का?"

मी दोन्ही म्हणू शकले असते. मी म्हटले, "एक आहे. दुसऱ्याचं माहीत नाही."

तिने मान हलवली.

शेतकरी अंडी घेऊन पाण्यात उतरला. तो जवळ जाताच ओरडणारा सारस पंख पसरून त्याच्या अंगावर आला. माणसाच्या उंचीचा पक्षी आहे तो, बाळांनो, फोटोत तेवढा वाटत नाही. शेतकऱ्याने दुपट्टा गुंडाळलेला हात डोक्यावर धरला, वाकून दोन्ही अंडी ढिगावर ठेवली आणि पाठ न दाखवता मागे मागे आला. मनगटावर चोच लागून रक्त आले होते. आम्ही बाभळीमागे जाऊन बसलो. त्याची बायको घरून पाण्याचा लोटा घेऊन आली, नवऱ्याच्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "झाला पुरावा देऊन?" मुलीने तेव्हा प्रथमच बापाच्या हाताकडे पाहिले आणि आपल्या ओढणीचे टोक पाण्यात बुडवून त्याला दिले.

आम्ही बराच वेळ बसलो. मला शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून मी सारखी घड्याळ पाहत होते. घरट्यापाशी उभ्या असलेल्या मादीने चोचीने एक अंडे थोडे फिरवले, मग दुसरे. लांब पाय मुडपून बसली, उठली, भोवती फिरली आणि पुन्हा बसली. या वेळी उठली नाही. नराचे ओरडणे थांबले. मी उठले, तेव्हा मुलगी माझ्याबरोबर बांधाच्या टोकापर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, मंग माह्या कागदाचं?"

मी कागद माझ्या पिशवीत घातला आणि काय निघते ते मला पत्राने कळव, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या सगळ्या कोऱ्या नोंदपत्रकांवरचा तो रकाना पट्टी धरून एकेक करून खोडला. सकाळचा सगळा वेळ त्यात गेला. साहेब परतल्यावर त्यांना सगळे सांगितले. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि अंडी इथेच का ठेवून घेतली नाहीत, सारस असता तर लोक आले असते, एवढेच म्हणाले. वाघ नाही, निदान सारस तरी. पुराव्याशिवाय नोंद मान्य करणे त्यांना पटत नव्हते. मी वाद घातला नाही. त्या वर्षी माझ्यात वाद घालण्याइतका दम उरला नव्हता.

नंतर मी रोज टपालाची वाट पाहत होते, हे मी कोणाला सांगितले नाही. काकाजींना न सांगताच कळले असावे, कारण पोस्टमन आला की ते काहीतरी निमित्त काढून कोठीत यायचे. दहा-बारा दिवसांनी पोस्टकार्ड आले. अक्षर तेच, बारीक, गोल. एक पिल्लू निघाले. ते आईच्या मागे मागे पाण्यात चालते. दुसरे अंडे तसेच राहिले. पुढची दोन वाक्ये मला पाठ आहेत. 'बाबा म्हणतात कवच आणून पाठव, पण सारस अजून तिथेच आहेत म्हणून मी जवळ गेले नाही. त्यामुळे पुरावा नाही.'

मी ते काकाजींना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मग दुसऱ्या अंड्याबद्दल काही न बोलता ते अस्वलाचे पाणी बदलायला गेले.

मी एक नवा कागद घेतला, खाली कार्बन लावला आणि तिचे नोंदपत्रक पुन्हा उतरवून काढले. रकाना खोडलेला कागद घेता आला असता, पण मी जुन्या गठ्ठ्यातला एक, खोडायचा राहून गेलेला, पुराव्याचा रकाना असलेलाच घेतला. त्या रकान्यात लिहिले, 'नोंद करणाऱ्या मुलीने स्वतः पाहिले आहे.' गोल शिक्का मारला. साहेबांच्या टेबलावर तो दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी सही होऊन आला. वाचून सही केली की न वाचता, ते मी विचारले नाही; वरची प्रत त्याच दिवशी मुलीला पोस्टाने पाठवली.

पुढे आणखी काही वर्षे मी ते काम केले. त्याच सहली, तीच दोरी, तेच डुलणारे अस्वल. एके वर्षी ते गेले. मग खर्च परवडत नाही म्हणून प्राणी दुसरीकडे हलवले, आधी बिबट, मग बाकीचे, आणि माझे पदही राहिले नाही. घरी बसले तेव्हा वाईट वाटण्याआधी बरे वाटले, हे खरे ते लिहिते. काकाजी त्यानंतर फार जगले नाहीत. त्या मुलीचे लग्न झाले एवढे कळले, पुढचे माहीत नाही. तिच्या बापाला मी पुन्हा कधी भेटले नाही.

तेव्हा थोरल्याच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की फोटोतली बाई करते तेच काम मी करत होते, घुबड सोडून. मी किती जणांना काय शिकवले, ते मला सांगता येणार नाही. एका मुलीने ऐकले होते, एवढे मला माहीत आहे.

प्राणिसंग्रहालयाच्या जागेवर आता दुकाने आहेत. ट्रंक गंजली, ती मी मोडीत दिली. पोस्टकार्ड घर बदलताना हरवले. त्या नोंदपत्रकाची कार्बन प्रत मात्र ठेवलेल्या त्या एका फायलीत आहे. अक्षरे फिकी झाली आहेत, पण वाचता येतात.